छपरावरची तार : घरगुती अँटेनाचा इतिहास, बीडपासून गिरगावपर्यंत (धागा)

बीड, गेवराई किंवा अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत मान वर करून पाहिले, तर एखाद्या माळवदावर अजूनही गंजलेली लोखंडी नळी उभी दिसते आणि तिच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा सांगाडा. त्याचे काम संपून बरीच वर्षे झाली. काढून टाकायला कोणी वर चढले नाही, इतकेच.

रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या साऱ्या यंत्रणेत सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने घडवता येईल असा जवळजवळ हा एकच भाग होता. संच दुकानातून आणावा लागे. परवाना सरकार देई. कार्यक्रम मुंबई-दिल्लीहून येत. तार मात्र घरची असे. ती कुठे ताणायची, किती उंच न्यायची, कोणत्या गावाकडे तोंड करून बसवायची, हे घरातला माणूस ठरवी. या घरच्या तारेने एकदा साम्राज्याच्या पोलिसांनाही तीन महिने कामाला लावले होते.

प्रथम नकाशा पाहावा. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत अंतर सुमारे ३०० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला हैदराबाद सुमारे ३४० किलोमीटर. म्हणजे बीड या दोन शहरांच्या साधारण मधोमध येते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच्या आष्टी तालुक्याची शीव ओलांडली की अहमदनगर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश मुलूख सुरू होई. जमिनीवरच्या सीमेवर नाके होते, वर्तमानपत्रांवर बंदी घालता येत असे. आकाशातून येणाऱ्या लहरींना नाका नव्हता.

हैदराबादचे रेडिओ केंद्र १९३० च्या दशकात खासगी खटपटीतून उभे राहिले आणि १९३५ मध्ये निजाम सरकारच्या ताब्यात गेले. पुढे औरंगाबादलाही संस्थानाचे केंद्र निघाले. १९४७ मध्ये फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांखेरीज संस्थानी मुलखात पाच होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. खंडप्राय देशाला एवढीच केंद्रे. पाचांपैकी दोन एकट्या निजामाची होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा या दोन बाजूंचे आवाज एकमेकांविरुद्ध उभे होते. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची युद्धबंदीची घोषणा रेडिओवरूनच झाली. बीडसारख्या मधल्या मुलखात ज्याच्या घरी संच होता, त्याला काटा थोडा फिरवून दोन्ही बाजू ऐकणे शक्य होते. मात्र इतक्या दुरून येणारा क्षीण आवाज पकडायला चांगली तार हवी.

ती तार कशी असे? उत्तर अगदी साधे आहे. दोन उंच बांबू किंवा एक बांबू आणि एक झाड. त्यांच्यामध्ये तांब्याची उघडी तार. दोन्ही टोकांना चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर, म्हणजे पाऊस पडला तरी तारेतला क्षीण प्रवाह बांबूवाटे जमिनीत उतरू नये. तारेच्या एका टोकापासून खिडकीतून संचापर्यंत उतरणारी दुसरी तार. शिवाय एक ‘अर्थ’ : तांब्याचा पत्रा ओलसर जागी पुरायचा, त्यावर कोळसा आणि मीठ घालायचे आणि उन्हाळ्यात आठवणीने पाणी ओतायचे. जाणता माणूस खिडकीपाशी एक खटकाही बसवी. आभाळात वीज कडाडू लागली की एरियल संचापासून तोडून थेट जमिनीला जोडायची.

लोक त्या वेळी ‘एरियल’ म्हणत. ‘अँटेना’ हा शब्द घराघरात पोहोचला तो दूरचित्रवाणीबरोबर. पुढे शहरांत जाळीची पट्टी आली. धातूच्या तारांची विणलेली, हातभर रुंदीचीही नसलेली ही पट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली की झाले. ट्रान्झिस्टर संचांत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली छोटी अँटेना आतच आली आणि मध्यमलहरींसाठी बाहेरच्या तारेची गरज कमी झाली. पण रेडिओ सिलोन लघुलहरींवर येई. त्यासाठी ट्रान्झिस्टरच्या दांडीला तारेचा तुकडा गुंडाळून तो खिडकीबाहेर सोडणारी घरे शेकड्यांनी होती.

आता थोडे गणित. ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट अर्धीच कळेल. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. तार त्या लांबीच्या निम्मी असली तर ती त्या लहरीला उत्तम दाद देते. मोठी तंबोऱ्याची तार खर्ज देते आणि आखूड तार वरचा स्वर देते, तसाच हा प्रकार. शिवाय जी तार लहर पकडण्यात चांगली, तीच लहर सोडण्यातही चांगली. ऐकणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्याच्या छपरावरचे साहित्य वेगळे नसते.

सरकारला याचीच धास्ती होती. १९२० च्या दशकात हौशी मंडळींनी हा खेळ सुरू केला, तेव्हा तो केवळ विज्ञानाचा छंद होता. १९२१ मध्ये कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी केंद्र चालवले. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने ध्वनिक्षेपण केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. देशातले नियमित ध्वनिक्षेपण तेव्हापासूनचे. मग १९३३ चा बिनतारी कायदा आला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. ऐकणाऱ्यानेसुद्धा पोस्टात पैसे भरून परवाना घ्यायचा, ही रीत स्वतंत्र भारतातही १९८० च्या दशकापर्यंत टिकली.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी चालकांचे परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम निघाले. पण हात आणि डोके जमा करून घेता येत नाही. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे अशा हौशी चालकांपैकी एक.

८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. नेहरू, पटेल, आझाद प्रभृती अहमदनगरच्या किल्ल्यात, म्हणजे बीड जिल्ह्याच्या अगदी शेजारी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. देशात काय चालले आहे हे देशालाच कळेना.

अशा वेळी मुंबईतल्या काही तरुणांनी रेडिओ केंद्र काढायचे ठरवले. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. त्यांच्याबरोबर विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. प्रक्षेपक जुळवला नरिमन प्रिंटर यांनी. ध्वनिवर्धकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘शिकागो रेडिओ’च्या नानक मोटवाने यांचे तांत्रिक साहाय्य लाभल्याचे उषाबेन पुढे सांगत. भूमिगत नेत्यांपैकी डॉ. राममनोहर लोहिया यांचा या केंद्राशी निकटचा संबंध होता.

उषाबेनच्या सांगण्यानुसार पहिले ध्वनिक्षेपण २७ ऑगस्ट १९४२ चे, चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून. घोषणा अशी की, हा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर भारतातून कुठूनतरी बोलतो आहे. जागा गुप्त, लांबी मात्र उघड. कारण ती सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याने काटा कुठे लावावा?

वरचे गणित इथे लावून पाहावे. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. निम्मी लांबी २१ मीटर. प्रत्यक्षात तार थोडी आखूड लागते, म्हणजे २० मीटर धरू. पाच-सहा खोल्यांच्या चाळीच्या सज्जाइतकी लांब तार. प्रक्षेपक पेटीत घालून खोलीत लपवता येतो. वीस मीटर तार कशी लपवायची? पूर्ण लांबीची ताणावी तर गच्चीवर दिसते. आखूड करावी, वाकवावी, तर आवाज दूर जात नाही. भूमिगत रेडिओचा खरा पेच हा असतो, आणि चित्रपटांत-नाटकांत तो कधीच दिसत नाही. तिथे नेहमी मायक्रोफोन दिसतो.

त्यात जागा सतत बदलाव्या लागत. चौपाटीनंतर लॅबर्नम रोडवरची ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचे ‘लक्ष्मी भुवन’, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा ‘पॅराडाइज’ बंगला. प्रत्येक नवी जागा म्हणजे नव्याने तार बसवणे आणि ती नीट जुळते की नाही हे पाहणे. शेजाऱ्यांच्या नजरा, रस्त्यावरचा पहारा, युद्धकाळातला अंधार, हे सारे सांभाळून.

कशासाठी हा खटाटोप? केंद्रावरून चितगावच्या बॉम्बहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची, बलियाची बातमी गेली. आणि मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावे असे म्हणजे, आष्टी आणि चिमूरची हकीकत गेली. (ही आष्टी वर्धा जिल्ह्यातली, बीडची नव्हे.) १६ ऑगस्ट १९४२ ला या दोन गावांत जमाव आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कराने जे अत्याचार केले, ते छापण्याची मुभा वर्तमानपत्रांना नव्हती. विदर्भातल्या एका गावातल्या बायकांवर काय गुदरले हे देशाने ऐकले ते गिरगाव-चौपाटीच्या छपरांवरून. वीस मीटर तारेच्या वजनाची कल्पना यावरून करावी.

पोलिसांच्या हातीही अँटेनाच होती. चौकटीवर तार गुंडाळून केलेली अँटेना फिरवली, की एका विशिष्ट स्थितीत आवाज जवळजवळ नाहीसा होतो. त्यावरून केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते कळते. दुसऱ्या जागेवरून तेच करायचे. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे केंद्र. अशा शोधगाड्या मुंबईत फिरत होत्या आणि दुसरीकडे सरकारी श्रोते शब्दन् शब्द टिपून घेत होते. या ध्वनिक्षेपणांचा मजकूर आज वाचायला मिळतो, तो बराचसा सरकारच्याच या नोंदींमुळे.

शेवट मात्र शोधगाडीने झाला नाही. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि माफीचे साक्षीदार झाले. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलीस पारेखवाडीत पोहोचले. उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी आत होते. कार्यक्रमाच्या अखेरची ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. ती थांबवा असे फर्मावल्यावर उषाबेननी नकार दिला, ही आठवण त्या पुढे अनेकदा सांगत. खटल्यात बाबूभाई खाखर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले. उषाबेन येरवड्यातून सुटल्या १९४६ मध्ये.

प्रिंटर यांच्याविषयी इतिहासाने एका वाक्यात निकाल दिला आहे : फितूर. निकाल खोटा नाही. पण ज्या हातांनी केंद्र उभे केले तेच हात ते दाखवून देणारे होते, हे विसरून चालणार नाही. छंदाला निष्ठेची हमी देता येत नाही. त्यांच्या कौशल्याशिवाय तो आवाज निघालाच नसता, हेही तितकेच खरे.

त्याच १९४२ सालातली आणखी एक घटना बीडच्या माळवदापर्यंत येऊन पोहोचते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडले. तिथे जपान्यांना एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची वही सापडली. तीत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. अखेर युद्धकैद्यालाच विचारले. त्याने चकित होऊन सांगितले की, हे तर तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव.

सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ही रचना मांडली होती. मूळ काम मुख्यतः उदा यांचे. इंग्रजीतून जगासमोर मांडले यागी यांनी, म्हणून नाव त्यांचे चिकटले. रचना अशी : एका दांड्यावर समांतर नळ्या. त्यांपैकी एकीलाच वायर जोडायची. तिच्या मागे थोडी लांब नळी आरशासारखी, पुढे थोड्या आखूड नळ्या वाट दाखवणाऱ्या. बाकीच्या नळ्या कशालाही जोडलेल्या नसतात, तरी सारी अँटेना एका दिशेने कान टवकारते. मायदेशी दुर्लक्षित राहिलेले हे उपकरण ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी रडारला लावले.

युद्धानंतर ते दूरचित्रवाणीबरोबर जगभरच्या छपरांवर चढले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. मराठवाड्याला आणखी बरीच वाट पाहावी लागली. १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने निघाली, पण १०० वॉटच्या केंद्राचा पल्ला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. पुढे अंबाजोगाईच्या उंचावर दूरदर्शनचे मोठे केंद्र उभे राहिले. जागेची निवड भूगोलाने केली, असे म्हणता येईल. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि बीड जिल्ह्यातून बालाघाटची रांग आडवी जाते. पठारावरच्या गावाला चित्र स्वच्छ, तर डोंगराच्या कुशीतल्या गावाला नुसत्या मुंग्या.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला आणि ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाले. त्या काळात अँटेना हा गावोगावचा गृहोद्योग झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या, लाकडी दांडा, नटबोल्ट. जुन्या अँटेनांच्या रुंदीवरूनही गणित वाचता येते. २०० मेगाहर्ट्झच्या वाहिनीला निम्मी तरंगलांबी ७५ सेंटिमीटर. ६० मेगाहर्ट्झच्या वाहिनीला अडीच मीटर. म्हणून एका गावातले सांगाडे हातभर आणि दुसऱ्या गावातले दारापेक्षा रुंद. नळी वाकवून केलेल्या चपट्या कड्याला चपटी पट्टीची वायर जोडत. दोघांचा रोध ३०० ओहम, त्यामुळे दोघांचे जुळे. बांधणाऱ्याला त्या आकड्याचा पत्ता असो वा नसो.

चाचणीची पद्धत सर्वत्र एकच. एकजण माळवदावर, एकजण अंगणात, एकजण संचासमोर.

“आलं का?”

“न्हाई! मुंग्याच हायेत.”

“आता?”

“आलं, आलं! हलवू नगंस!”

मग नळीला तारेने ताण द्यायचा. वारा सुटला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अँटेनाला ॲल्युमिनियमची थाळी बांधली की चित्र सुधारते, अशीही एक समजूत होती. कधी योगायोगाने ती खरी ठरे. बहुतेक वेळा थाळी वाया जाई. पण मागे परावर्तक असला तर फायदा होतो, हे यागी-उदा यांचेच तत्त्व त्या थाळीमागे होते. पुस्तक न वाचता लोक त्याच्या जवळपास पोहोचले होते.

केबल आणि डिश आल्यावर हे सारे थांबले. छंद मात्र पुरता संपलेला नाही. भारतात वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हौशी चालकाचा परवाना मिळतो. त्यांना दिलेल्या पट्ट्यांपैकी एक ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा आहे. काँग्रेस रेडिओची ४२.३४ मीटर लहर नेमकी याच पट्ट्यात पडते.

त्यासाठी लागणारी अँटेनाही तीच : २० मीटर तार, मधोमध कापलेली, मध्यावर को-ॲक्सिअल केबल, टोकांना दोरी. शेतातली दोन लिंबाची झाडे पुरतात. तार हिशेबापेक्षा वीतभर लांब ठेवून टांगायची, मीटरवर परत येणारी शक्ती मोजायची आणि दोन्ही टोके बोटा-बोटाने कमी करत जायचे. मीटरचा काटा खाली आला की थांबायचे. पूर्वी मीटर नसे, तेव्हा तारेच्या वाटेत टॉर्चचा बल्ब जोडून तो सर्वांत लख्ख कधी पेटतो ते पाहत. एवढ्या बुटक्या उंचीवरच्या तारेची शक्ती बहुतांशी सरळ वर जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या वर्तुळात उतरते. बीडमधून दिवसा असे वर्तुळ काढले, तर मुंबई आणि हैदराबाद दोन्ही त्यात येतात.